घोड्याचं घर

दुपारी दोन ते तीन हा तास क्षमाचा होता. तो तिला कोणी दिलेला नव्हता. झोपलेल्या बाळाच्या मुठीतून पदर सोडवून घ्यावा, एकेक बोट मोकळं करत, तसा तो तिनं दिवसाच्या मुठीतून सोडवून घेतला होता. नऊ महिन्यांची संपदा दोनला झोपायची आणि तीनला उठायची. नाही उठली तर शेजारच्यांची मोटरसायकल तिला उठवायची. मधल्या साठ मिनिटांतली पाच, पोरगी खरंच झोपली की डोळे मिटून आईची परीक्षा पाहून राहिली, हे ठरवण्यात जायची. उरलेल्या पंचावन्न मिनिटांत क्षमा सासऱ्यांबरोबर बुद्धिबळ खेळायची.

सासरे म्हणजे शालिग्राम. रांझीतल्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांचं कमी बोलणं हा स्वभाव नव्हता, सोय होती. घरातलं बोलायचं काम लग्नापासून सासूबाईंनी, बेबीताईंनी, अंगावर घेतलेलं. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली खाट, खाटेवर पट. पट शालिग्रामांनी स्वतः प्लायवूडचा केलेला, फॅक्टरीच्या जेवणाच्या सुट्ट्यांमध्ये. पांढऱ्याचा एक उंट केव्हाच हरवला होता. त्याच्या जागी खोकल्याच्या बाटलीचं झाकण उभं असायचं आणि तिरपं तिरपं चालायचं. पण या पटाची खरी गोष्ट वेगळीच. कोण्या एका वर्षी त्याच्यावर चहा सांडला होता आणि मधला प्लाय फुगला होता. मधल्या चार घरांत मोहरा ठेवला की तो कलायचा, कधी कधी लवंडायचा. म्हणून शालिग्राम मध्ये जातच नसत. "बाजूनं चालावं," ते सुनेला म्हणत. "मध्ये भलती गर्दी. घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकव, उंटाला खिडकी उघडून दे, अन् बसू दे त्याला हवा खात."

बुद्धिबळ तिला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यांना त्यांच्या काटोलच्या मामांनी. मामांचे नियम साधे. प्यादं एका वेळी एकच घर चालतं. राजाला जन्मात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, शह बसलेला नसेल तर. आणि प्यादं चालत चालत समोरच्या टोकाला पोचलं, की ते घर ज्याचं असेल तेच ते होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. वजीर पाहिजे तर वजिराच्या घरात जाऊन दाखवा.

"ज्याच्या घरात गेलं, त्याचं झालं," शालिग्राम म्हणत.

हा नियम क्षमाला पहिल्या दिवशीच पटला. सिवनीहून ती या घरात आली तेव्हा तिच्या वांग्याच्या भाजीत गूळ पडायचा. दोन वर्षांत पडेनासा झाला. कधी थांबला हे तिलाही आठवत नव्हतं.

बेबीताईंना हा तास मान्य नव्हता. त्या स्वतः दोन ते तीन आडव्या होत, नातीच्या शेजारी, एक डोळा उघडा ठेवून. आणि त्या एका डोळ्याला खिडकीतून पेरूचं झाड सरळ दिसत असे.

"पोट्टी झोपली की मायनं झोपावं," त्या म्हणाल्या. "मी अंकुरच्या वेळी अशीच झोपायची. ही उंट-घोडे हाकून राहिली. संध्याकाळी पाहा तिचे डोळे, लाल भडक. अन् तुम्ही, तुम्ही हारले की पोळी अर्धी टाकता. डॉक्टरनं काय सांगितलं?"

डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं होतं. पण शालिग्रामांनी तो मुद्दा काढला नाही.

"संक्रांतीनंतर हा पट माळ्यावर," बेबीताईंनी निकाल दिला. "कूलरच्या बाजूला जागा आहे."

क्षमानं बरं म्हणून डोकं हलवलं. बाईनं इतक्या पटकन डोकं हलवलं की समजावं तिला फार लागलं आहे. पण बेबीताई तोवर उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या. त्या रात्री तिचा नवरा, अंकुर, म्हणाला, "अरे, मग मोबाईलवर खेळ ना." त्याला वाटलं प्रश्न खेळाचा आहे. क्षमाला सांगता येईना की प्रश्न त्या तासाचा आहे, ज्यात तिला कोणी हाक मारत नाही, आणि समोरचा माणूस तिच्याकडे पाहून नुसता विचार करतो, पाच-पाच मिनिटं, जणू तिच्या डोक्यात काही आहे.

मग बळीरामजी आले. ते मराठी मंडळाचे सचिव. संक्रांतीच्या रविवारी मंडळाचा मेळावा असे: बायकांचं हळदीकुंकू, एरवी पुरुषच खेळत ती बुद्धिबळ स्पर्धा, मग सगळ्यांचं जेवण. हाती वही घेऊन ते दारात उभे.

"सात नावं झाली काकाजी. आठ लागतात, नाही त जोड्या जमत नाही. तुमचं टाकू?"

"माझे हात थरथरतात," शालिग्राम म्हणाले. "ते घड्याळ दाबायचं असतं, ते माझ्यानं होत नाही." आणि थोडं थांबून, पेरूच्या झाडाकडे पाहत, "क्षमाचं टाका."

आतून बेबीताई हसल्या. अगदी मनापासून हसल्या. हसत हसत बाहेर आल्या, हाताला तिळाचा कूट लागलेला.

"ही? अन् त्या कोचिंगवाल्या सरांसमोर? चलो, टाका नाव. एक डाव जरी जिंकली ना, त हा पट नाही जाणार माळ्यावर. शब्द माझा."

"लिहून घेतो काकू," बळीरामजी म्हणाले. त्यांना सगळंच लिहून घ्यायची सवय होती. त्यांनी खरंच लिहून घेतलं.

चिठ्ठ्या निघाल्या. बाद पद्धत: हरला तो घरी. पहिल्याच फेरीत क्षमाची चिठ्ठी निघाली ती चंद्रशेखर सरांसमोर.

चंद्रशेखर सर दीक्षितपुऱ्यात गणिताचे क्लास घेत. मागची तीन वर्षं मंडळाचा कप त्यांच्याच घरी होता. दर संक्रांतीला ते तो मोटरसायकलच्या डिकीत घालून आणत आणि त्याच डिकीतून परत नेत. त्यांच्याजवळ टॅबलेट होता, टॅबलेटमध्ये हजारो डाव. कोणी विचारलं की ते डोळे मिटून म्हणत, "सुरुवात मध्यावर ताबा घेऊन करायची. जो मध्य सोडतो, त्याला एक तर काहीच येत नाही, नाही तर फारच येतं."

रविवारी बेबीताई पहाटे ग्वारीघाटावर नदीत बुडी मारून आल्या, केस वाळवले, नातीला स्वेटरवर स्वेटर घातले आणि सगळ्यांच्या आधी तयार झाल्या. अंकुरची पहिली शिफ्ट होती. जाताना तो म्हणाला, "घाबरू नको. भाग घेणं महत्त्वाचं." क्षमाला हे वाक्य मुळीच आवडलं नाही.

मंडळाच्या हॉलात एका बाजूला सतरंजीवर हळदीकुंकू, दुसऱ्या बाजूला चार टेबलं. पट नवे, सपाट. क्षमानं सवयीनं मधल्या चार घरांवरून बोट फिरवून पाहिलं. कुठे फुगवटा नाही. उंटही दोन्ही खरेच. तिला उगीच परकं वाटलं. पांढरे मोहरे तिच्याकडे आले होते.

तिनं घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवलं.

चंद्रशेखर सर थांबले. त्यांनी मधल्या प्याद्यांचा सगळा अभ्यास करून आणला होता. प्यादं मधलं येणार, दोन घरं येणार, मग आपण असं, मग ती तसं. आणि ही बाई कडेचं प्यादं जेमतेम एक घर सरकवून, ओढणी नीट करून, मागे बाळाकडे पाहून राहिली आहे.

"अच्छा," ते हळूच म्हणाले. त्या एका अच्छामध्ये तीन वर्षांचा कप थोडा हलला. त्यांनी आठ मिनिटं विचार केला आणि आपलं मधलं प्यादं दोन घरं पुढे टाकलं.

आता क्षमा थांबली. दोन घरं? तिनं सरांच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. चेहरा सरळ होता. हात घसरला असेल. तिनं खुर्च्यांच्या रांगेत बसलेल्या शालिग्रामांकडे पाहिलं. ते छताचा पंखा पाहत होते, जो जानेवारीत बंदच असतो. टोकावं का? पण सर, आणि तेही सगळ्यांसमोर. मोठ्या माणसाला कसं म्हणायचं की तुम्ही एक घर जास्त चाललात. तिनं जाऊ दिलं. उंट खिडकीत बसवला.

सरांनी दुसरं प्यादंही दोन घरं टाकलं. क्षमाला त्यांची थोडी कीव आली. घाईत असतील, क्लास असेल संध्याकाळी.

पुढे तर त्यांनी राजा उचलून दोन घरं पलीकडे ठेवला आणि हत्ती त्याच्यावरून आणून त्याच्या दुसऱ्या बाजूला. एकाच चालीत, दोन मोहरे. बळीरामजी शेजारी उभे राहून वहीत लिहीत होते. त्यांनी ही चालही तशीच लिहून घेतली. मग क्षमाच्या लक्षात आलं. मागच्या वर्षीच्या विजेत्याला काही सवलत असणार. मंडळ आहे, असतं काही काही. सणाच्या दिवशी कशाला काढा.

तासाभरानं संपदा रडली. रडण्याचे प्रकार असतात: झोपेचं, पडल्याचं, आजीनं काजळ पुसल्याचं. हे भुकेचं होतं. क्षमाचा हात पटावर होता आणि जीव सतरंजीवर. हातानं वजीर उचलला आणि कुठे तरी ठेवला. आधी दोनदा विसरलेलं घड्याळ दाबायची यावेळी तिला आठवण राहिली. ती उठली, बेबीताईंच्या कडेवरून पोरीला घेतलं आणि पडद्यामागे गेली.

"कशी चालून राहिली तुझी लढाई?" बेबीताईंनी विचारलं.

"वजीर बहुतेक चुकला, आई."

"मग? झालं तुझं." हे बेबीताई ज्या आवाजात म्हणाल्या त्यात आनंद असायला हवा होता. तो पुरता नव्हता. त्यांनी क्षमाच्या हातात तिळाची वडी ठेवली. "खा. उपाशी पाजू नये."

बाहेर चंद्रशेखर सर पटाकडे पाहत होते. पांढरा वजीर त्यांच्या उंटाच्या तोंडात उघडा उभा होता. आणि तो तिथे ठेवून समोरची खेळाडू उठून गेली होती, मागे वळूनही न पाहता. असा वजीर कोण देतो? एक तर ज्याला काहीच येत नाही. त्यांनी पहिली चाल आठवली. कडेचं प्यादं. एक घर. मध्य सोडलेला. त्यांच्या कपाळावर जानेवारीत घाम आला. त्यांनी यातला सापळा शोधायला अठरा मिनिटं घातली. सापडला नाही, म्हणजे तो फारच खोल होता. शेवटी त्यांनी वजीर मारला, पण मन त्या खोल सापळ्यात अडकूनच राहिलं. क्षमा परत आली, तिनं घोड्यानं त्यांचा उंट घेतला. आणि वजिराची काळजी करता करता सर आपला कोपऱ्यातला हत्ती विसरले. तो खिडकीतल्या उंटानं सरळ तिरप्यात नेला. इतका वेळ हवा खात बसलेला तो उंट पहिल्यांदाच उठला होता.

तरी डाव हरण्यातलाच होता. मारामारी होता होता पट रिकामा झाला. सरांकडे वजीर आणि हत्ती. क्षमाकडे एक हत्ती, थोडी प्यादी. जेवणाची पानं मांडायची वेळ झाली होती, पण मसाले भाताचा वास येऊनही लोक टेबलाभोवतीच उभे. क्षमाला दिसत होतं ते एवढंच, की तिचं ते पहिलं प्यादं, घोड्यासमोरचं, अजून जिवंत आहे. ते एकेक घर पुढे गेलं. मागे तिनं हत्ती ठेवला, पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या पोरीच्या मागे हात धरावा तसा, न टेकवता. सरांचा राजाही अडवायला मध्यापर्यंत आला, पण प्यादं हत्तीच्या भरवशावर शेवटच्याच्या आधीच्या घरात पोचलं.

सर हसले. डाव सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी आपला वजीर बाजूला एका घरात आणून ठेवला. हिशेब सरळ होता: ही आता प्याद्याचा वजीर करणार, आणि तो नवा वजीर टोकाला उभा राहून पाहत असतानाच आपला वजीर तिच्या राजापुढे जाऊन उभा राहणार, पाठीशी हत्ती. मात. सापळा होता, पण तो आपण लावलेला, याचं त्यांना फार समाधान वाटलं.

क्षमानं प्यादं पुढे सरकवलं.

सरांनी मारलेल्या मोहऱ्यांतून तिचा वजीर उचलून अदबीनं पुढे केला. "घ्या वहिनी."

"हा नाही सर. घोडा द्या ना."

"घोडा?"

"घोड्याचंच घर आहे ना ते," क्षमा म्हणाली.

सतरंजीवरच्या बायकासुद्धा गप्प झाल्या, कारण पुरुष गप्प झाले की त्या ऐकायला लागतात. सरांनी घोडा दिला. क्षमानं तो त्या घरात ठेवला, आणि ठेवल्यावर तिला दिसलं: घोड्याची एक उडी सरांच्या राजावर पडत होती आणि दुसरी, नुकत्याच बाजूला आणून ठेवलेल्या वजिरावर.

"शह," ती म्हणाली. थोडी ओशाळूनच म्हणाली.

राजा हलवावा लागणार, आणि तो हलला की वजीर जाणार. घोड्याला मारावं, तर मागे हत्ती. सर पाहत राहिले. वजीर केला असता तर मात होती. हत्ती केला असता तरी मात होती. उंट केला असता तरी. सगळ्या पटावर वाचवणारा एकच मोहरा होता आणि तो या बाईनं पापणी न हलवता मागून घेतला होता. सहा-सात मिनिटांनी त्यांनी आपला राजा उचलला आणि आडवा ठेवला.

"पडला सर," म्हणून क्षमानं तो उचलून नीट उभा केला.

"नाही वहिनी," सर हळू आवाजात म्हणाले. "मी डाव सोडला."

जेवणं झाली ती याच गोष्टीवर. दुसऱ्या वाढपाच्या आधी चंद्रशेखर सरांनी माईक हातात घेतला. हरलेल्या माणसानं माईक घेतला की लोक घाबरतात, पण सर खुश दिसत होते. त्यांनी कडेच्या सुरुवातीवर वीस मिनिटं सांगितलं. मध्य मुद्दाम सोडायचा, समोरच्याला तिथे गर्दी करू द्यायची आणि दुरून उंटानं त्याच्यावर नजर ठेवायची, ही केवढी प्रगल्भ गोष्ट. वजीर अर्पण करून शांतपणे उठून जाणं, हे केवढं मनोबल. आणि शेवटचा घोडा. "घोड्याचंच घर आहे ना ते," त्यांनी ते वाक्य दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून. ज्याला काहीच येत नाही त्याच्याकडून हरणं आणि ज्याला फारच येतं त्याच्याकडून हरणं, यांत फार अंतर आहे, आणि सर आपली जागा पकडून बसले होते.

मग बळीरामजी वही घेऊन उठले. "मंडळातर्फे एक घोषणा. सौ. क्षमाताई मंडळाच्या मुलांसाठी बुद्धिबळाचा वर्ग घेतील. रोज. मुलं शाळेतून येतात, हॉल रिकामा असतो, तेव्हा वेळ," त्यांनी वहीत पाहिलं, "दुपारी दोन ते तीन."

टाळ्या पडल्या. क्षमाचा घास हातातच राहिला. पट माळ्यावर जाणार नव्हता. आता तीच हॉलात जाणार होती. जिंकलेला तास तिच्या डोळ्यांसमोर वहीत लिहिला जाऊन राहिला होता.

ती उभी राहिली. "मला काही येत नाही," ती म्हणाली. "खरंच. तो वजीर चुकून गेला, पोरगी रडली म्हणून. अन् घोडा मी नियम म्हणून केला. दुसरं काही होता येतं हे मला माहीतच नव्हतं."

हॉल कौतुकानं हसला. "पाहा," चंद्रशेखर सर माईकमधून म्हणाले, "याला म्हणतात विनय."

"विनय नाही सर..."

"बसा वहिनी, बसा. आम्ही समजलो."

खरं बोलून काही उपयोग होत नाही असं दिसल्यावर माणसाची जी तोंडाची स्थिती होते, ती क्षमाची झाली. तेवढ्यात सतरंजीवरून बेबीताई उठल्या. कडेवर संपदा, हातात वाणाचं ताट. त्यांना माईक लागत नसे.

"कशाचा विनय, भाऊ? पस्तीस वर्षं मी ह्यांचे डाव ऐकून राहिली. आमच्या घरी घोड्याच्या घरात घोडाच होते. उंटाच्या घरात उंट. ती काय मागणार दुसरं?"

"काकू, तुम्हाला नाही कळणार," सर नम्रपणे म्हणाले. "हे फार वरच्या..."

"मला नको कळू. तिलाच विचारा ना. प्यादं पहिल्यांदा किती घरं चालते, विचारा."

बळीरामजींनी विचारलं. सचिव होते, विचारणं भाग होतं.

"एक," क्षमा म्हणाली.

बळीरामजींनी वहीत एक लिहिलं.

"म्हणजे एक किंवा दोन," सरांनी सावरून घेतलं.

"नाही सर, एकच. तुम्ही दोन-दोन घरं चालवली होती, ते मी पाहिलं. पण मोठ्या माणसाला कसं टोकायचं, म्हणून बोलले नाही."

आधी सतरंजीवरची एक बाई हसली, मग सगळा हॉल. चंद्रशेखर सरांच्या हातातला माईक आपोआप खाली आला. "आणि कॅसलिंग?" त्यांनी विचारलं, जणू अजून काही वाचवता येईल. "राजा-हत्तीची चाल?"

"ती मला वाटलं मागच्या वर्षीच्या विजेत्याला सवलत असेल."

हसणं ओसरेपर्यंत बळीरामजी थांबले. मग त्यांनी निकाल दिला. घोडा करता येतो, नियमात आहे. करणाऱ्यानं का केला हे नियम विचारत नाही. म्हणून डाव क्षमाचाच. वर्गाचं मात्र, ते म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये पाहू.

"पाहू नका," बेबीताई म्हणाल्या. "लोकांच्या पोरांना उलटं शिकवाल. अन् दोन ते तीन तिला घरी काम असते."

"काय काम, काकू?"

"असते," बेबीताई म्हणाल्या, आणि वाण वाटायला लागल्या.

पुढच्या फेरीआधी चंद्रशेखर सरांनी क्षमाला सगळे खरे नियम नीट समजावून सांगितले. चांगले शिक्षक होते ते. त्यानंतर ती एका रिटायर्ड पोस्टमास्तरांकडून सोळा चालींत हरली.

सोमवारी दुपारी दोनला संपदा झोपली. पाच मिनिटं परीक्षा पाहून खरंच झोपली. पेरूखाली खाटेवर पट होता, मध्ये फुगलेला, औषधाचं झाकण आपल्या जागी. क्षमानं मोहरे लावले, पण पहिली चाल केली नाही.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं ना? प्यादं दोन घरं जातं ते?"

शालिग्रामांनी चष्मा पुसला. "फॅक्टरीत सगळे दोनच चालत."

"अन् टोकाला पोचलं की काहीही होता येतं?"

"ते पण."

"मग काहून नाही सांगितलं?"

ते तिच्याकडे पाहून नुसता विचार करत राहिले, जसे खेळताना करत.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "त डाव वीस मिनिटांत संपला असता. तास कसा भरला असता?"

क्षमानं खाली पाहिलं. मग घोड्यासमोरचं प्यादं उचललं, दोन घरांवर क्षणभर धरलं आणि एका घरावर ठेवलं. शालिग्रामांनीही आपलं एक घर सरकवलं. असा डाव चालला, सावकाश, बाजूबाजूनं, आणि तीनला दहा कमी असताना तिचं एक प्यादं टोकाच्या एक घर अलीकडे पोचलं. पुढचं घर उंटाचं होतं. तिचा हात प्याद्यावर होता आणि ती ठरवून राहिली होती, तेवढ्यात शेजारच्यांची मोटरसायकल सुरू झाली आणि आतून संपदा रडली. भुकेचं.

ती धावली. पाजून झाल्यावर, पोरीला खांद्यावर थोपटत ती खिडकीशी आली, तर अंगणात बेबीताई उभ्या होत्या. माळ्यावर जाणार होता तो पट त्यांच्यासमोर, मोहऱ्यांसकट. त्यांनी एकदा पटाकडे पाहिलं, एकदा झाडाकडे. वाळत घातलेलं जुनं धोतर दोरीवरून ओढलं आणि मोहरे हलणार नाहीत अशा बेतानं वरून पसरलं. चिमण्या शिटतात पेरूवरून.

"कोणाची चाल आहे ते ध्यानात ठेवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "उद्या पुन्हा भांडाल."